शिवळांचं पोतं

आमी मूळचे मंगळवेढ्याकडचे. थोरला मी, धाकटा सदा. रान होतं, पर दोघांचं पोट भरंल एवढं न्हाय, म्हणून आईनंच वाटणी करून दिली, रान सदाला आन गाडी-बैल मला, भांडण न्हाय तंटा न्हाय, आन मी लगीन झाल्यावर बैलं जुपून सोलापुरात आलो, भवानी पेठेत खोली धरली, बैलास्नी शेजारी छप्पर घातलं, झालो गाडीवान.

काय सांगू तुमाला, गाडी आपली, बैलं आपली, पर भाडं काय आपल्या हातात न्हाय. सकाळी मालधक्क्यावर जाऊन हुभं ऱ्हायाचं. रुईच्या गाठी लई आल्या आन गाड्या कमी असल्या की मुकादम भाऊ भाऊ करत हाक मारायचा, आन गाड्या जास्ती झाल्या की त्योच मुकादम तोंड फिरवून तंबाखू मळत बसायचा. काल बारा आणं तर आज सात. बैलांनी वैरण मातुर कालच्याएवढीच खाल्लेली. पेरणीला खेड्यातल्या गाड्या रानात गुतल्या म्हंजी आमाला भाव यायचा. ज्वारी निघाली, रानं रिकामी झाली, की चारीकडनं गाड्या यायच्या, मंगळवेढ्याच्या, होटगीच्या, अक्कलकोटाकडच्या कानडी बोलणाऱ्यांच्या, आन मिळंल त्या भाड्यात माल न्ह्यायच्या. आमी त्यास्नी शिव्या द्यायचो. मी बी त्यातलाच की, पर शहरात चार वर्सं काढली की माणसाला वाटतं आपुन हितलंच.

एका उन्हाळ्याला भाडं इतकं उतरलं की दिसभर राबून वैरणीचं निघंना. तवा गाडीवानांनी शिवळा काडल्या. शिवळ म्हंजी जुवाला बैलाच्या मानंच्या दोनी अंगाला लाकडी खुंटी असती ती, ती काडली की बैल जुपता येत न्हाय. पेठेतल्या समद्या गाड्यांच्या शिवळा एका पोत्यात घातल्या, तोंड बांधलं, आन पोतं माझ्या घरात. वाढीव भाडं मिळस्तवर कुणी गाडी जुपायची न्हाय. तुमी म्हणाल बाभळीची दुसरी शिवळ बसवावी. बसवता आली असती की. पर आपली पोत्यात असताना दुसरी घालून भर पेठेतनं गाडी न्ह्यायची छाती कुणाची व्हती?

तिसऱ्या दिशी सदा आला, मागनं सोता केलेली गाडी घेऊन. गावाकडं कडबा संपलेला, बैलांच्या बरगड्या मोजून घ्याव्यात. भाडं मारीन, वैरण घिऊन जाईन, म्हणला. मुकादमानं त्याला नाक्यावरच गाठलं हुतं, सकाळी ये म्हणून. भावाला काय सांगायचं, तुझी बैलं उपाशी ठेव म्हणून? त्यानंच इचारलं, दादा, त्या पोत्यात काय हाय. मी सांगितलं. सदा उठून बाहेर गेला, आपल्या गाडीच्या शिवळा काडून आणल्या आन म्हणला, मग माज्या बाहीर कशाला, घाला ह्या बी. आमची मंडळी उठली आन दोन बैलांचा कडबा चार बैलांपुढं टाकला.

आठवड्यानं मुकादम सोता पेठेत आला. भाडं वाढवून दिलं. गाडीवान माझ्या दारात गोळा झाले शिवळा न्ह्यायला. तवा आमच्यातला मेहबूब, माझा जिवाचा दोस्त बरं का, त्यो म्हणला, भाई, भाडा हमारा हय, उने गाव का हय, उसकू नंबर कायकू. नंबर म्हंजी धक्क्यावर माल भरायची पाळी. बाकीच्यांनीबी माना हलवल्या. सदा दावं घिऊन बैलं सोडायला निघाला. ते बगून मी पोत्यावर बसलो. म्हणलं, ज्याची शिवळ ह्यात हाय त्यो आपला. सदाला नंबर मिळणार असंल तर सुतळी सोडतो, न्हायतर बसा समदे घरी. मेहबूबनं माझ्याकडं बगितलं, सदाच्या बैलांकडं बगितलं, आन म्हणला, पैला नंबर उसकूच देव. सदा वैरण भरून गेला गावाला.

भाडं पुन्यांदा उतरलंच. ते काय एका जागी ऱ्हातंय व्हय. मग लॉऱ्या आल्या, गाड्यांचं दिस सरलं, मी बैलं इकली. सदाबी गेला. आता आमच्या पोराची, नामाची, सोताची लॉरी हाय, जुनी हाय, हँडल मारल्याबिगर सुरू हुत न्हाय, आन त्याचंबी तेच, काल एक भाव, आज एक भाव, बाहीरगावच्या लॉऱ्या येत्यात आन निम्म्यात माल न्हेत्यात. परवा त्यानं पोतं आणून हितं ठिवलं. आबा, संभाळा म्हणला. मी हात घालून बगितला तर समदी हँडलं, पेठेतल्या लॉऱ्यांची. हसू आलं मला, आन डोळ्यात पाणीबी आलं.

मी इचारलं, बाहीरगावच्यांची हँडलं हायत का रं ह्यात? म्हणला, त्यांची कशाला, त्येच तर भाव पाडत्यात. म्हणलं, मग मी न्हाय संभाळणार. तर पोरगं म्हणतंय कसं, आबा, तवा काका व्हता म्हणून तुमी पोत्यावर बसला. हे आपले कोण लागत्यात?

खरंच, सदा नसता तर मी बसलो असतो का? न्हाय बसलो असतो. मेहबूबसंगट मीबी कुणा दुसऱ्याच्या भावाला हाकलून लावलं असतं. रातभर त्येच डोक्यात. सकाळी नामाला म्हणलं, बाबा, तवा सदा व्हता म्हणून मला कळलं. आता कळलंय, त्याचं मी काय करू?

चहा पिऊन त्यो मालधक्क्याकडं गेलाय, त्या बाहीरगावच्या लॉरीवाल्यांशी बोलायला. ऐकत्याल, न ऐकत्याल, देव त्यास्नी बुद्धी देवो. पोतं बगा त्या कोपऱ्यात हाय. तोंड अजून बांधलं न्हाय मी.