विदरक्लिफचं ऊन

तुम्हीच सांगा पेलबाई, विश्वास कोणावर ठेवायचा — वर्तमानपत्रावर, माझ्यावर, की या काचेच्या गोळ्यावर? माझ्यावर नको. माझं छत्र्यांचं दुकान, आणि वर गावाच्या प्रसिद्धी मंडळाचा अध्यक्ष, म्हणजे सकाळी ऊन विकतो नि दुपारी पाऊस. गोळ्यावर ठेवा. ऊन पडलं की तो मागच्या पुठ्ठ्यावर जळकी रेघ ओढतो, ढग आला की रेघ तुटते, संध्याकाळी तुम्ही ती मोजून लंडनला तार करायची — बस्स, एवढंच काम. दुसऱ्या दिवशी अख्खं इंग्लंड अंडी खाता खाता वाचतं, कुठल्या किनाऱ्याला किती ऊन मिळालं. माझ्या वडिलांच्या वेळी इथे होतं काय? हेरिंग मासे आणि चिखल. मग आम्ही चिखलाला आरोग्यदायी म्हणायला लागलो, तर लोक पैसे मोजून पाय बुडवायला आले — खरंच आले, एक बिशप तर दोनदा.

यंदा शेजारच्या मार्लसीवाल्यांनी बँड आणला. आम्ही काय आणलं? कल्पना, आणि तीही माझीच — ज्या दिवशी या पुठ्ठ्यावर विदरक्लिफला ऊन नाही, त्या दिवशी खोली फुकट. गाड्या भरभरून माणसं उतरली, मी फलाटावर नाचायचाच काय तो बाकी होतो. आणि धुकं आलं. पाहुणे खुशीत पत्ते कुटतायत, घरमालकिणी माझ्या दुकानापुढे दात-ओठ खात उभ्या. गुरुवारीही धुकंच — हे तुम्हाला सांगू नये, पण सांगतो — धुकंच, आणि पुठ्ठ्यावर मात्र सकाळपासून संध्याकाळपर्यंत अखंड रेघ. पाहुण्यांनी असा ओरडा केला की थेट लंडनहून हवामानवाले साहेब आले. त्यांनी पुठ्ठा बघितला, मग ती समोरची हॉटेलची चिमणी बघितली — रोज चारच्या सुमाराला तिची सावली गोळ्यावर पडते, रेघेत खाडा पडतो, गावातलं शेंबडं पोरही सांगेल — आणि मला म्हणाले, "टफनेल, गुरुवारी तुमची चिमणी रजेवर होती का?"

आता असा आणखी एक पुठ्ठा निघाला की गावाचं नाव वर्तमानपत्रातल्या उन्हाच्या तक्त्यातून कायमचं जाणार. मग आम्ही कोण? पुन्हा चिखल. तुमच्या आधीचा म्हातारा पिल्बीम म्हणाला, रेघ मीच ओढली, काम सोडतो, तसाही मला हा जिना झेपत नाही. पण पिल्बीम जन्मापासून ती चिमणी बघतोय, तो खाडा विसरेल? ही चूक बाहेरून आलेल्या माणसाची — म्हणजे समजा, लीड्सहून येऊन इथे भाड्याच्या खोल्या नि खानावळ काढलेली एखादी विधवा, ब्लेनकिनबाईंसारखी, केस कुरळे करायचा तापलेला चिमटा पुठ्ठ्यावर फिरवून. पिल्बीम तिच्याकडेच जेवतो, तो कशाला तोंड उघडेल? मला कसं कळलं? त्या संध्याकाळी तिच्या बटांना जळक्या पुठ्ठ्याचा वास — म्हणजे, वाऱ्यावर आला. धुक्यात वारा नसतो? बरं, नसतो. तुम्ही शाळेत शिकवता हे मी विसरलोच.

शनिवारी आमचं लग्न आहे, पेलबाई. आता कळलंच आहे तर या तुम्हीही, केक तिच्याच हातचा आहे. लग्नाआधी ती इथे येईल, फुलांची टोपी घालून, गोड बोलेल — आजच्या दिवसाला निदान तासभर ऊन असू दे की. तिच्यापाठोपाठ मीही येईन, माझा काही भरवसा नाही. दोघांनाही आत घेऊ नका. पाऊस पडला तर पडला, छत्र्या आहेत माझ्याकडे. तुम्ही उन्हाचा हिशेब तेवढा चोख ठेवा.