दुसरा दरवाजा

(मध्य ऑस्ट्रेलियातल्या वाळवंटातली वस्ती. झाडाखाली सभा. शहरातून आलेला सरकारी अधिकारी हॅलोरन बोलतोय. नकाशा जमिनीवर पसरलेला, चार कोपऱ्यांवर चार दगड.)

हॅलोरन : ...तर एक खोली, दोन खुर्च्या, डायलिसिसची दोन यंत्रं. नोरीनबाई, समितीच्या अध्यक्ष म्हणून तुम्ही इथे सही केलीत, की तुमच्या आईंना शहरात राहायची गरजच नाही.

डल्सी : दोन वर्षं काढली तिथे. खिडकीतून नुसत्या उभ्या केलेल्या गाड्या दिसतात. लाल गाडी आली की समजायचं, सोमवार.

नोरीन : उद्याच्या विमानानं परत जायचंय तिला. यंत्राशिवाय तीन दिवसांच्या वर राहता येत नाही.

हॅलोरन : म्हणूनच म्हणतो, करा सही.

नोरीन : दरवाजा कुठाय?

हॅलोरन : हा काय.

नोरीन : आणि दुसरा?

हॅलोरन : दुसरा कशाला?

नोरीन : एक खुर्ची आईची. दुसरी माझ्या नवऱ्याची, क्लिफ्टनची. त्याचीही मूत्रपिंडं जात आलीत, लवकरच यंत्र लागणार.

हॅलोरन : मग तर घरचीच माणसं!

डल्सी : तोच तर घोळ आहे.

हॅलोरन : भांडण आहे का?

नोरीन : सव्वीस वर्षांत एकही नाही. बोलतच नाहीत, तर भांडतील कशी?

डल्सी : सासू आहे मी त्याची. तोंड बघायचं नाही, नाव घ्यायचं नाही, एका खोलीत बसायचं नाही. आमच्यात आदर म्हणतात याला.

हॅलोरन : मी दर रविवारी माझ्या सासूशी फोनवर बोलतो.

डल्सी : अरेरे. आणि कुणी अडवत नाही?

हॅलोरन : म्हणजे गाडीमागे आपल्याकडे पाठ करून बसलेत, ते क्लिफ्टन? मला वाटलं, रुसलेत.

नोरीन : छे हो. सभेला आलाय. चहा नेऊन दिला ना मघाशी.

हॅलोरन : मधे पडदा लावू.

नोरीन : आणि आत येता-जाता? पाच तास यंत्राला बांधलेला माणूस उठून पळणार कुठे?

हॅलोरन : एकाला एक दिवस, दुसऱ्याला... नाही, नर्स आठवड्यातून तीनच दिवस येणार, आणि दोघांनाही तिन्ही दिवस लागणार.

नोरीन : तुमच्या आधीच्या साहेबांनी सभागृह बांधलं. त्यालाही एकच दरवाजा. अर्ध्या वस्तीला उरलेल्या अर्ध्या वस्तीबरोबर आत जाता येईना. आता तिथे कुत्री सभा घेतात.

हॅलोरन : दुसरा दरवाजा म्हणजे नकाशा परत शहरात, नवी मंजुरी, चार महिने. तोवर यंत्रं दुसऱ्या वस्तीला गेली तर? धमकी नाही देत, होतं असं.

नोरीन : कागदावर तर लिहिलंय, 'निर्णय वस्तीचा.'

हॅलोरन : निर्णय तुमचाच. नकाशा आमचा.

डल्सी : उंटावरून शेळ्या हाकायच्या.

नोरीन : आणि 'वस्तीशी सल्लामसलत झाली,' यापुढची खूण छापूनच आलीये.

हॅलोरन : वेळ वाचतो.

डल्सी : पोरी, कर सही. खुर्ची त्याला दे. मी जाते शहरात. मला सवय आहे.

नोरीन : थांब, त्याला विचारून येते.

हॅलोरन : डल्सीबाई, खरंच सवय झालीये?

डल्सी : नाही हो. भीती वाटते. मरायची नाही, तिथे मरायची. गेल्या थंडीत माझ्या शेजारच्या खुर्चीवरची बाई गेली. घरी आणली ती खोक्यातून. तोवर रोज विचारायची, आमच्याकडचं झाड फुललं असेल का गं? मला काय ठाऊक! मी तिच्याशेजारीच बसलेली.

नोरीन : तो म्हणतो, खुर्ची आईला. शहरात तो जाईल.

डल्सी : म्हणावं, गप बस. नातवंडांना शिकारीला कोण नेणार, मी?

नोरीन : सांगून येते.

हॅलोरन : अहो, अजून किती खेपा?

नोरीन : सव्वीस वर्षं घालतेय. आणि आता मी पण एक सांगते. आईला घालवून नवरा ठेवू, की नवऱ्याला घालवून आई? एका दरवाजावर माझी सही नाही.

हॅलोरन : यंत्रं जातील, नोरीनबाई.

नोरीन : जाऊ देत. मग खाली लिहा, हा निर्णय मात्र वस्तीनं घेतला.

हॅलोरन : ...पेन्सिल आहे का कुणाकडे?

डल्सी : ही घ्या.

हॅलोरन : मधे भिंत. भिंतीत नर्सपुरतं दार. एक दरवाजा पूर्वेला, टेकडीकडे. दुसरा पश्चिमेला... तिकडे जुन्या मोडक्या गाड्या पडल्यात. मंजूर होईल असं वचन देत नाही. भांडेन मात्र. कुणाची बाजू कुठली?

नोरीन : विचारून येते.

डल्सी : टेकडी आमची आहे, साहेब. माझ्या आईच्या आईपासूनची. पण मी मागणार नाही.

नोरीन : तो म्हणतो, पूर्वेची बाजू तिकडे बसल्यात त्यांना. त्याला म्हणे गाड्या बघायला आवडतात.

डल्सी : खोटारडा.

हॅलोरन : हे सांगायचं त्यांना?

डल्सी : काही सांगायचं नाही. पोरी, मघाचा चहा गार झाला असेल. तो ओतून दे, दुसरा ने. अर्धाच कप भर, आम्हा दोघांनाही पाणी मोजून असतं.