कुंडी दिसली की वर यायचं

माझं माहेर वळीवडे, कोल्हापूरला लागूनच, सासर पुणे, आणि संसार झाला तो सगळा इथं जपानात, सेंदाईला. नाव सुनीता. आधीच सांगून ठेवतो, मी गेलो-आलो असं बोलतो, आमच्याकडच्या बायका तशाच बोलतात, पुण्याच्या माणसाबरोबर इतकी वर्षं काढली तरी ते काही सुटलं नाही, तर लिहिताना तुम्ही ते सरळ करू नका. युद्धाच्या वेळी आमच्या गावाजवळ पोलंडच्या लोकांचा कॅम्प होता, घरदार सुटलेली बायकापोरं, कुठल्या कुठं फिरत शेवटी आमच्याकडं येऊन पडली होती. आजोबा त्या कॅम्पात दूध घालायचे आणि वडील किटली धरून मागनं जायचे, त्यामुळं वडलांना त्यांच्या भाषेतले दोन शब्द येत होते, जेन दोब्री म्हणजे नमस्कार आणि म्लेको म्हणजे दूध. आम्ही सकाळी लोळत पडलो की ते दारात उभं राहून म्हणायचे, जेन दोब्री बाईसाहेब, उठायचं का आता. मला लई वर्षं वाटायचं ती शिवीच आहे.

तर काय सांगू तुम्हाला, ती शिवी मला सेंदाईत उपयोगाला आली. आमचे हे इथल्या युनिव्हर्सिटीत, धातूंवर काम करतात, सकाळी गेले की संध्याकाळीच तोंड दिसायचं. मुलगी ऋचा शाळेत जायला लागली तसं मी म्हटलं, किती दिवस भिंतीशी बोलायचं, आणि हेल्परचा कोर्स केला. हेल्पर म्हणजे म्हाताऱ्या माणसांच्या घरी जायचं, स्वयंपाक, अंघोळ, कचरा वेगवेगळा करून त्या त्या वारी खाली नेऊन ठेवायचा, असलं सगळं. माझ्या वाट्याला आल्या हालिनाआजी. पोलंडच्या, नवरा जपानी प्रोफेसर, तो तिकडं शिकायला गेला आणि यांना घेऊन आला, तो जाऊनही आता वर्षं झाली होती. माझ्याआधीच्या हेल्पर टिकल्या नव्हत्या, का तर आजी कुठल्याच वस्तूला हात लावू द्यायच्या नाहीत. मी दारात गेलो, त्यांचं नाव वाचलं होतंच, म्हटलं बघू, आणि म्हणालो जेन दोब्री. बाईच्या हातातला डाव खाली पडला. मग वळीवडं, दूध, किटली सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, उच्चार वाईट आहे, आत ये.

आम्ही जपानीतनंच बोलायचो, दोघींचीही परकी भाषा, त्यामुळं चुकलं तरी कुणाला लाज नाही. खिडकीत लाल फुलांच्या जिरेनियमची एक कुंडी होती, ती तेवढी हलवायची नाही, बाकी कर काय करायचं ते, असं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. मी विचारलं का, तर म्हणाल्या, मुलीला कळतं. मुलगी मारी, टोकियोला नोकरीला. लहानपणी शाळेतनं येताना तिनं समोरच्या कोपऱ्यावरनं आधी वर बघायचं, कुंडी दिसली की वर यायचं, नाही दिसली तर तसंच पुढं चालत आत्याकडं जायचं, अशी त्या पोरीला शिस्त लावलेली. बरोबरची पोरं हसायची तिला. वडील गेल्यावर मायलेकींचं कडाक्याचं भांडण झालं. ती म्हणाली, या घरात मला सगळे नियम सांगितलेस, का ते एकाचंही कधी सांगितलं नाहीस, आणि गेली. नंतर नवीन वर्षाला फोन, तोही दोन मिनिटांचा. आजी असं सांगायच्या की जणू दुसऱ्याच्या घरचं आहे, आणि मला आतून तुटायचं.

मग तो दोन हजार अकराचा भूकंप झाला. तुम्ही टीव्हीवर समुद्र बघितला असेल, आमच्याकडं वरच्या अंगाला समुद्र आला नाही, पण घर असं हललं की फ्रीज चालत स्वयंपाकघराच्या बाहेर आला. ऋचाला शाळेतनं घेतलं, हे सुखरूप आले, वरनं बर्फ पडायला लागला, आणि तिला यांच्याजवळ देऊन मी आजींकडं पळत सुटलो. हे ओरडतायत, अगं कुठं निघालीस, मी म्हटलं आलोच. आजी टेबलाखाली होत्या, रजई घेऊन, अगदी व्यवस्थित. खिडकीची काच फुटलेली, कुंडी आतल्या बाजूला पडून तिचा कान उडालेला. पहिलं वाक्य काय, तर कुंडी उचल.

शाळेच्या हॉलमध्ये सगळे राहायला गेले, आजी जाईनात. लाइट नाही, गॅस नाही, नळाला पाणी नाही, फोन लागत नाही. मारी येईल, म्हणाल्या, संपर्क तुटला की ठरलेल्या जागी थांबायचं असतं. खिडकीला मी पुठ्ठा लावला तर आतली कुंडी बाहेरनं दिसेना, मग ती बाहेरच्या कठड्यावर ठेवायला लावली. मी म्हटलं आजी, थंडीनं झाड मरेल. मरू दे, म्हणाल्या, कुंडी दिसली पाहिजे.

त्या दिवसांत एका दुपारी, दोघी एकाच रजईत पाय घालून बसलो होतो, तेव्हा त्यांनी सांगितलं. जर्मनांनी वॉर्सा घेतलं तेव्हा या शाळकरी पोर. आमच्या सातारा-सांगलीकडं बेचाळीस साली भूमिगत होते ना, माझ्या आईच्या मामांकडं जेवायला यायचे लपूनछपून, तसेच तिकडंही होते. आजी त्यांच्यासाठी निरोप आणि छापलेले कागद पोचवायच्या, पिशवीत खाली कागद, वर बटाटे. तिथं कुणाला कुणाचं खरं नाव माहीत नसायचं, पकडलं तर सांगायला नको म्हणून, यांचं नाव होतं चिमणी. यांच्या घरी माणसं लपायला यायची, आणि आईनं खिडकीत जिरेनियमची कुंडी ठेवलेली. कुंडी आहे म्हणजे सगळं ठीक. एक दिवस या बटाट्याची पिशवी घेऊन गल्लीत आल्या आणि खिडकी रिकामी. नियम असा की थांबायचं नाही, परत वर बघायचं नाही, पाय उचलत पुढं जायचं. त्या गेल्या. कोपऱ्यावर ट्राम आली, तिच्यात बसल्या. आई आणि घरात लपलेला माणूस, दोघांना नेलं. आई परत दिसली नाही.

मी रडायला लागलो, त्या नाही. म्हणाल्या, शिपाई जिन्यावर आले असतील तेव्हा आईला एकच काम करता आलं असेल, तिनं कुंडी काढली. माझ्यासाठी काढली. नियम बरोबर होता, सुनीता, म्हणून मी तुझ्यासमोर बसले आहे. मी म्हटलं हे मारीला सांगितलंत का. तर म्हणाल्या, चहा कर.

इकडं घरी वेगळंच चाललेलं. अणुभट्टीच्या बातम्या यायला लागल्या, पुण्याहनं सासूबाईंचा कसाबसा एक फोन लागला, त्या नुसत्या रडतायत, बरोबरची इंडियन मंडळी निघाली, आमच्याही जागा बसमध्ये धरलेल्या. हे म्हणाले, परवा निघायचं. मी म्हटलं, त्यांची मुलगी येईपर्यंत थांबू. हे कधी आवाज चढवत नाहीत, पण त्या दिवशी चढवला, ती आली नाही तर, आणि आपल्या पोरीचं काय, तू कुणाची कोण लागतेस. त्यांचंही बरोबरच होतं हो. माझा जीव दोन्हीकडं. आजींना टाकून बसमध्ये बसायचं तर पाय उचलेना, आणि ऋचाकडं बघितलं की वाटायचं आत्ताच्या आत्ता निघावं.

त्यातच आमच्या भागाच्या कमिटीचे सातो-सान आले, भले माणूस, घरोघर कोण कसं आहे बघत फिरत होते. कमरेत वाकून चारदा माफी मागितली आणि म्हणाले, धक्के चालूच आहेत, कुंडी कुणाच्या डोक्यात पडली तर फार वाईट होईल, काढता का. काढली असती तर आजींनी जीवच सोडला असता. मी म्हटलं पक्की बांधतो. घरनं आईच्या जुन्या लुगड्याची एक लांब पट्टी आणली, हिरवी, लाल काठाची, दागिने गुंडाळायला ठेवली होती, आणि कुंडीला दोन वेढे देऊन कठड्याला अशी आवळली की खुद्द भूकंपाला सुटली नसती. सातो-सान खूश. आजींना काही बोललो नाही, पुठ्ठ्यामुळं त्यांना ती दिसतही नव्हती, म्हटलं कशाला उगीच.

आमच्या निघायच्या आदल्या दिवशी मी पाण्याच्या टँकरच्या रांगेत उभा होतो, दोन बादल्या घेऊन. समोर कोपऱ्यावर पाठीवर सॅक घेतलेली एक बाई, आजींच्या खिडकीकडं टक लावून बघतेय. मग वळली आणि चालू लागली. मला वाटलं असेल कुणी, सगळेच तेव्हा आपापली माणसं शोधत फिरत होते. थोड्या वेळानं बघतो तर परत तिथंच. पुन्हा गेली. माझा नंबर आला, बादल्या भरल्या, आणि जिन्यापाशी आलो तर तीच बाई अर्ध्या जिन्यात भिंतीला धरून उभी, चेहरा पांढराफटक, आणि नाक डिट्टो आजींचं. मी म्हटलं मारी-सान का. तिनं उलट विचारलं, कुंडीला कापड कुणी बांधलं. मी म्हटलं मी, माझ्या आईचं आहे, पडू नये म्हणून. आत कोण आहे, म्हणाली. मी म्हटलं कोण असणार बाई, तुझी आई आहे.

ती पायरीवर टेकली. मग सांगितलं, कुंडी नसली तर नाहीच, पण कुंडीत जराही बदल दिसला, फिरवलेली असली, काही अडकवलेलं असलं, तरी वर यायचं नाही, असा नियम. टोकियोहनं गाड्या बंद, यामागाताकडनं वळसा घालत बस बदलत आली पोरगी, आणि दारात माझी चिंधी आडवी आली. अरे देवा, असं झालं मला. पण बघा, मी भेटायच्या आधीच ती अर्धा जिना चढून आली होती. उठली, माझ्या हातातली एक बादली घेतली आणि पुढं झाली.

आजींनी तिला बघितलं आणि जागच्या हलल्या नाहीत. मारी म्हणाली, आई, कुंडीला कापड बांधलंय. आजींनी माझ्याकडं असं बघितलं की मी भिंतीत शिरलो. मग तिला म्हणाल्या, तू ते बघितलंस. हो. आणि तरी वर आलीस. हो. का. मारी म्हणाली, तू आत होतीस ना.

मग आजी म्हणाल्या, जपानीतच म्हणाल्या, म्हणून मलाही कळलं, माझी आईपण आतच होती.

मारीच्या हातात बादली तशीच होती. कोण आई, म्हणाली, कुठं आत. तेव्हा मी बादली काढून घेतली आणि स्वयंपाकघरात जाऊन छोट्या सिलिंडरवर चहा ठेवला, दार लोटून. बाहेरनं आधी आजींचा आवाज येत होता, मग रडण्याचा आला, आणि तो मारीचा नव्हता.

दुसऱ्या दिवशी आम्ही बसनं गेलो, पुण्याला राहून काही महिन्यांनी परत आलो. आजींना मारीनं टोकियोला नेलं होतं. पुढं काही वर्षं मायलेकी एकत्र राहिल्या, भांडतही होत्या म्हणे, मग आजी गेल्या. कान तुटलेली कुंडी मारीनं मला आणून दिली, पट्टीसकट, पट्टी धुऊन इस्त्री केलेली. झाड मेलं नव्हतं, बुडातनं फुटलं.

आता ती माझ्या खिडकीत आहे. ऋचा टोकियोला नोकरीला, सुट्टीत येते, मी मराठीत बोलतो, ती जपानीत उत्तर देते, चालायचंच. मागच्या खेपेला ती आली तेव्हा कुंडी मी पाणी घालायला आत घेतली होती, तर खालनंच फोन, आई, कुंडी दिसत नाही, सगळं ठीक आहे ना. मी म्हटलं, बाळा, कुंडी असू दे, नसू दे, चिंधी बांधलेली असू दे, तू आपली वर ये. तर म्हणते, जिन्यातच आहे मी. सुखी राहा म्हटलं, आणि दार उघडायला गेलो.