पाती बाहेरची, धार इथली

सन्माननीय अध्यक्ष महाशय, व्यासपीठावरचे प्रमुख पाहुणे, आज निवृत्त होत असलेल्या आपल्या तपासनीस मॅडम, त्यांचे यजमान, खात्यातले अधिकारी-कर्मचारी आणि समोर बसलेल्या माझ्या कारखानदार बंधूभगिनींनो,

संयोजकांनी मला चार शब्द बोलायला सांगितलं, तेव्हा मी विचारलं, मीच का? म्हणाले, मॅडमची सर्वांत जास्त बोलणी तुम्ही खाल्लीत. अध्यक्ष महाशय हसताहेत, पण दुसरा नंबर त्यांचाच लागतो.

मॅडमचं काम सांगायला सोपं. वस्तू अमुक देशात बनली असं लेबल म्हणतं, ती खरंच तिथे बनली का, एवढंच बघायचं. पण मला सांगा, कापड एका देशातलं, बटणं दुसऱ्या देशातली, शिलाई तिसऱ्या देशातली, तर शर्ट कुठला म्हणायचा? आम्ही मंडळी म्हणायचो, गिऱ्हाइकाला आवडेल तिथला! मॅडमची रीत वेगळी. त्या आल्या की आधी कागद बाजूला ठेवायच्या, मग मालकाला बाजूला ठेवायच्या, आणि कामावरच्या एकेकाला एकच प्रश्न विचारायच्या : "तुमच्या हातात आलं तेव्हा हे काय होतं?"

सात वर्षांपूर्वी त्या माझ्या कात्र्यांच्या कारखान्यात आल्या. आमच्या खोक्यावर माझ्या वडिलांनी लिहिलेलं लेबल होतं : 'पात्यापासून मुठीपर्यंत सगळं इथेच घडलेलं.' बाबांनी भट्टीपुढे उभं राहून हा कारखाना वर आणला. आणि ती भट्टी मी बंद केली होती. पाती बाहेरच्या देशातून यायची, स्वस्त आणि खरं सांगायचं तर चांगली. बाबांना मात्र मी थाप मारली होती, की घडाई आता गावाबाहेरच्या शेडमध्ये चालते. गुडघ्यांमुळे ते पॅकिंगच्या टेबलापलीकडे जात नसत. दोन वर्षं हे बिनबोभाट चाललं.

मॅडम धार लावणाऱ्या कारागिरापाशी थांबल्या. मी त्यांच्या मागे उभा राहून त्याला डोळ्यांनी खुणा करतोय. आता माणूस इतका सरळ असावा का? म्हणाला, "पातंच होतं की, मॅडम. भोक पाडलेलं, तापवून पाणी दिलेलं. मी धार लावतो." आणि वर मलाच विचारतो, "साहेब, डोळ्यांत काही गेलं का?"

मॅडमनी सांगितलं, हे लेबल चालणार नाही. पाती कुठली ते लिहा, आठ दिवसांत. मी त्यांच्यापुढे अक्षरशः हात जोडले. म्हटलं, दंड करा, पण लेबल राहू द्या, वडील वाचतील. त्यांनी आवाज चढवला नाही. म्हणाल्या, "दंड झाला तरी लेबल बदलावंच लागेल. आणि वडिलांना तुमच्याऐवजी एखाद्या दुकानदाराकडून कळलं तर? आठ दिवस मी लेबलासाठी दिलेले नाहीत."

मला तुमचा संताप आला होता, मॅडम, आज कबूल करतो. घरी येऊन तुम्हाला काय काय म्हटलं ते तुमच्या यजमानांसमोर सांगण्यासारखं नाही.

सातव्या दिवशी बाबांना सांगितलं. त्यांनी हात पुढे केला. मग म्हणाले, "पातं आण." टोकापर्यंत बोट फिरवून पाहिलं, पातं कानाशी धरून नखानं वाजवलं. "पाणी नीट दिलंय. कुणीतरी जीव ओतून काम केलंय." मी सुटकेचा नि:श्वास टाकणार, तोच म्हणाले, "भट्टी बंद केलीस त्याचं काही नाही रे. मी दोन वर्षं त्या टेबलाशी बसून दुसऱ्याचं काम माझं म्हणून बांधत होतो. तू माझं हसं केलंस." अकरा दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. आईमार्फत मीठ मागायचे.

त्या अबोल्यातच, दुसऱ्याच दिवशी, त्यांनी नवं लेबल लिहून आईच्या हाती पाठवलं : 'पाती बाहेरची, धार, मूठ आणि जोडणी इथली.' मी त्यात त्या देशाचं नाव घातलं, जरा बारीक अक्षरात. कागद परत आला. खाली बाबांचा शेरा : 'पाती घडवणाऱ्याचं काम छोटं आहे का, मग नाव बारीक कशाला?' आज माझ्या खोक्यावर त्या देशाचं नाव आणि आमचं काम सारख्याच ठसठशीत अक्षरात आहे. पहिल्या वर्षी विक्री थोडी घसरली, मग सावरली. शिंपी मंडळी धार बघतात, आणि धार आमचीच आहे, ती पूर्वीपेक्षा बरी आहे.

मॅडम, तुमच्याबद्दल लोक म्हणतात की तुम्ही फार कडक. असाल. पण त्या आठ दिवसांमुळे मी बापापुढे स्वतःच्या तोंडानं खरं बोललो. नाहीतर कधी बोललो असतो? आज मी सुखानं झोपतो, त्यात तुमचा वाटा आहे. तुमच्या पुढच्या दिवसांत तुम्हाला आरोग्य आणि निवांतपणा लाभो.

हे सगळं मी आपणहून सांगितलं असं मात्र समजू नका. बाबा तिसऱ्या रांगेत बसलेत. सकाळी म्हणाले, "बाईंचं कौतुक करशील, ते करच. पण माझ्याशी खोटं वागलास तेही चारचौघांत सांग." सांगितलं, बाबा.

अध्यक्ष महाशयांनी वेळ दिला, आपण सर्वांनी मन लावून ऐकलंत, मी आभारी आहे. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर सभागृहानं पोटात घालावं. बाबांनी माझी चूक कधीच पोटात घातली, असं मी सात वर्षं धरून चाललो होतो; त्यांनी तसं कधी म्हटलं नव्हतं. आत्ता ते नाही म्हणून मान हलवताहेत, पण हसताहेत. म्हणजे आज घातली.