मानेतली नळी

(रुग्णालयाच्या डोळ्यांच्या विभागाबाहेरचं बाकडं. ताई आणि तिचा धाकटा भाऊ. आई आत तपासणीला गेली आहे.)

ताई : बुरशी? म्हणजे पावाला येते ती?

धाकटा : तिची चुलत बहीण समज. आईच्या रक्तात गेली.

ताई : फालतू विनोद नकोत. रक्तात बुरशी जातेच कशी? इथे तर दारात चपला काढायला लावतात.

धाकटा : बाहेरून आलीच नाही ती. सगळ्यांच्याच पोटात असते म्हणाले डॉक्टर, तुझ्यामाझ्याही. चांगले जंतू तिला डोकं वर काढू देत नाहीत. आईचं आतड्याचं ऑपरेशन झालं, त्यावर पंधरा दिवस जालीम अँटिबायोटिक्स. चांगले जंतू मेले, हिला रान मोकळं.

ताई : मग पोटातलं पोटात राहावं ना. डोळ्यात काय काम होतं तिचं?

धाकटा : नळी, ताई. मानेतून थेट मोठ्या शिरेत घातलेली. त्यातूनच तिचं जेवण जायचं. त्या नळीला आतून थर धरला, पाण्याच्या टाकीला शेवाळ धरतं तसा. तिथून रक्ताबरोबर गावभर फिरली. मूत्रपिंड वाचलं, हृदय वाचलं. डोळे सापडले.

ताई : आणि आठवडाभर ताप होता, तेव्हा तुम्ही सगळे काय करत होतात?

धाकटा : अँटिबायोटिक्स बदलून बदलून देत होते. बुरशीला त्याचं काय? तपासणीच्या बाटलीत ती उगवून दिसायलाच तीन दिवस गेले.

ताई : तू होतास ना इथे?

धाकटा : रोज होतो.

ताई : संध्याकाळी अर्धा तास. तोही मोबाइलमध्ये तोंड घालून.

धाकटा : माझं काम लिफ्ट दुरुस्तीचं. लिफ्ट बंद पडली की माणसं आत अडकतात, ताई. ती काय आपोआप बाहेर येतात? आणि तू कुठे होतीस? पेपर तपासत होतीस!

ताई : माझ्या नोकरीवर येऊ नकोस. नळी कधी काढणार, हे मीच विचारलं होतं तुला.

धाकटा : आणि मी सांगितलं होतं. काढणारच होते, पण आईला गिळता येईना, म्हणून ठेवली. आणखी दहा दिवस.

ताई : मग खेचू त्या डॉक्टरला कोर्टात. ऑपरेशन आतड्याचं, गळ्याला काय धाड भरली होती? तपासायला नको?

धाकटा : हळू बोल. ती येतेय.

ताई : ये आई, बस. काय म्हणाले?

आई : उजवा गेला म्हणाले. डाव्यात उद्यापासून सुईने औषध घालणार. राहिला तर राहिला. शिवणाचं दुकान झाकायचं आता. सुईत दोरा कोण ओवणार?

धाकटा : आई, एवढ्यात असं बोलू नकोस.

आई : तुमचं भांडण आतपर्यंत ऐकू येत होतं. डॉक्टरांना कोर्टात नेऊ नका.

ताई : का नाही? तुझा डोळा गेलाय!

आई : नळी मी ठेवायला लावली.

धाकटा : तू?

आई : डॉक्टर म्हणाले, नळी काढू, आता तोंडाने जेवा. या आजारपणात माझे हात थरथरतात, तर दर दोन तासांनी चमच्याने भरवायला घरचं माणूस बसवा. त्या संध्याकाळी हा माझ्या खाटेशेजारी उभा राहून तुझ्याशी बोलत होता. मी झोपलेय असं समजून फोन स्पीकरवर. तू म्हणालीस, मी काय तिथे येऊन चमचा धरून बसू? हा म्हणाला, मग मी बसू का? चांगली अर्धा तास जुंपली होती. म्हटलं, कशाला? नळीतून जातंय तर जाऊ दे, कुणाचा खोळंबा नाही. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना सांगितलं, घास उतरत नाही.

ताई : म्हणजे उतरत होता?

आई : शेजारच्या बाईंनी दिलेलं अर्धं केळं खाल्लं होतं मी सकाळीच.

धाकटा : अगं, आम्हाला एका शब्दाने तरी सांगायचंस!

आई : काय सांगायचं? मला भरवा म्हणून? घास उतरत नाही म्हटल्यावर तुझा जीव केवढा भांड्यात पडला, ते दिसलं मला. तेव्हा दिसत होतं. हिचा फोनवरून ऐकू आला.

ताई : आई...

आई : रडू नकोस, लोक बघतायत. चला, वॉर्डात जाऊ. पुढे पायरी आहे ना? हात द्या. कुणाचाही चालेल.