एक मरण शिल्लक

तेओफिला : सभासद मेल्याशिवाय कोठी उघडत नाही, निकोलासा. हे अंत्यविधी मंडळ आहे, खानावळ नव्हे.

निकोलासा : मावशी, वादळानं अर्धं गाव समुद्रात नेलं. सगळी माणसं टेकडीवरच्या शाळेत बसलीयेत, आणि ती शाळा गळतेय. पोरांच्या पोटात कालपासून कसाव्याच्या भिजक्या भाकरीशिवाय काही नाही. तुमच्या कोठीत तांदूळ आहे, घेवडा आहे, हंडे, ताडपत्री...

तेओफिला : ते मयतामागच्या नऊ रात्रींच्या जागरणासाठी. कुणी गेलंय का, ते सांग.

निकोलासा : कुणीच नाही. सगळे वाचले.

तेओफिला : मग माझा नाइलाज आहे.

क्रिसान्तो : सरकारी मदत आली की सकाळी. हेलिकॉप्टरनं कागद टाकले. वादळ येणार आहे, सावध राहा म्हणून.

निकोलासा : क्रिसान्तोकाका, तुम्ही जरा गप्प बसा. मावशी, एकदा मोडला नियम तर काय होईल?

तेओफिला : मागच्या वादळात मोडला होता. तांदूळ वाटला, कॉफी वाटली. आणि लगेच आमचा बासिलियो गेला. लोक नऊ रात्री कोरड्या घशानं बसले. आमच्या गारिफुना जमातीचा माणूस, आणि ढोलाशिवाय पुरला. अजून मागच्या दाराशी येतो, कॉफी मागतो.

क्रिसान्तो : जिवंतपणीही मागायचा.

तेओफिला : तेव्हा नवऱ्याला कधी नाही म्हटलं नव्हतं मी.

क्रिसान्तो : बरं. मग मी मरतो.

निकोलासा : काका, ही चेष्टेची वेळ आहे का?

क्रिसान्तो : चेष्टा कसली? ऐंशी उलटली. होडी वादळानं नेली, घर होडीच्या मागोमाग गेलं. मरायला याहून सोयीचा दिवस कुठला? तेओफिलाबाई, सभासद मेला पाहिजे एवढंच ना? मेल्यावर श्वास घ्यायचा नाही, असं नियमात कुठे आहे?

तेओफिला : तसं लिहिलेलं नाहीये. आजवर गरज पडली नव्हती.

निकोलासा : मग झालं तर.

तेओफिला : कसलं झालं? एका सभासदाला एकच मरण. आज वापरलंत, काका, तर पुढे शवपेटी नाही, कॉफी नाही, ढोल नाही. मिसरूड फुटल्यापासून या कोठीत तांदूळ घालत आलात. नीट विचार करा.

क्रिसान्तो : ढोलाला नोर्बेर्तो ठरवून ठेवला होता मी. पहाटेपर्यंत हात थांबत नाही त्याचा. निकोलासा, त्याची पोरं आहेत शाळेत?

निकोलासा : तिन्ही. धाकटी तापलीये.

क्रिसान्तो : सांगा मग, कुठे निजू?

(कोठीचं कुलूप निघतं. फळ्यांवर पांढरी चादर पडते.)

तेओफिला : हात छातीवर. नाकात कापूस घालावा लागेल.

क्रिसान्तो : एकाच नाकपुडीत घाला.

निकोलासा : घेवडा रटरटतोय. ताडपत्री शाळेवर चढली. पेटीच्या उरलेल्या फळ्या कशाला लावू?

तेओफिला : त्या काकांच्या. त्यांना विचार.

क्रिसान्तो : शाळेच्या दाराला ठोका. पोरांना वारा लागतो.

निकोलासा : लोक विचारताहेत, काका कशानं गेले?

क्रिसान्तो : भुकेनं गेले म्हण.

तेओफिला : काहीतरीच. मंडळाची अब्रू जाईल. म्हातारपणानं गेले म्हण. आणि आधी रडणं, मग जेवण. रडायला मी बसते.

क्रिसान्तो : रडताना चार शब्द चांगले बोला. मासे फार मोठे पकडायचा, असं.

तेओफिला : मयताच्या सांगण्यावरून मी खोटं बोलत नाही.

निकोलासा : मी जाते बाई, हंडा खाली लागेल.

क्रिसान्तो : तेओफिलाबाई.

तेओफिला : तुम्ही मेलाय.

क्रिसान्तो : एवढं एकच. खरा मरेन तेव्हा मीही येणार का तुमच्या मागच्या दाराशी, कॉफी मागत?

तेओफिला : हलू नका, चादर सरकतेय.

क्रिसान्तो : सांगा की. तिथे बासिलियो आधीच उभा असेल.

तेओफिला : माझं मरण आहे अजून कोठीत. दोघांत पुरवू.

क्रिसान्तो : मग माझ्या आधी जाऊ नका.

तेओफिला : डोळे मिटा. पोरं जेवायला येताहेत.