त्या एका जागेसाठी आम्ही दोघी

सन्माननीय अध्यक्ष, म्हणजे आमचे विभागप्रमुख सर, व्यासपीठावर विराजमान अधिष्ठाता मॅडम, मेट्रनबाई, आजच्या सत्कारमूर्तीचे आईवडील आणि समोर बसलेले डॉक्टर, सिस्टर, वॉर्डातले मामा, मावश्या, आपणा सर्वांना नमस्कार. मला 'दोन शब्द' बोलायला सांगितलंय. मला ओळखणारे आधीच खुर्चीत ऐसपैस बसलेत, त्यांचे आभार.

आमच्या मैत्रिणीला, जिला सगळा वॉर्ड मौनीबाबा म्हणतो, फुप्फुसविकार आणि अतिदक्षता या विषयाच्या फेलोशिपला जागा मिळाली. सोमवारी ती परगावी रुजू होते. आनंद आहेच. पण त्याच जागेसाठी मीही अर्ज केला होता. मुलाखतीला आम्ही एकाच गाडीने गेलो, एकाच डब्यातलं खाल्लं, आणि जागाही एकच होती. निवेदकांनी माझी ओळख करून देताना तेवढं गाळलं, हा त्यांचा भलेपणा.

मुलाखतीची तयारी आम्ही एक्स-रे बघायच्या खोलीत करायचो. ती विचारायची, "हाच विषय का?" मी उत्तर द्यायचे आणि ती नुसती नकारार्थी मान हलवायची. शेवटी वैतागून मी तिला बाबांची गोष्ट सांगितली.

माझे बाबा दगड कापायच्या कारखान्यात होते. धुळीने त्यांची फुप्फुसं निकामी होत गेली. दोन शब्द झाले की दम लागायचा, आणि उरलेलं वाक्य आम्हीच पुरं करायचो. "पाणी ना?" "उशी ना?" आम्हाला वाटायचं, केवढी सेवा करतोय आपण. बाबांनी हळूहळू बोलणंच सोडून दिलं.

मग त्यांना छातीच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. आईने सवयीने त्यांच्या तोंडचं वाक्य घेतलं, तर बाईंनी तिला हातानेच थांबवलं, स्टूल ओढलं आणि बसल्या. बाहेर ही रांग. बाबा थांबत थांबत म्हणाले, "डॉक्टर, जिन्यात थांबावं लागतं... त्याचं काही नाही. पण हिच्याशी भांडताना... मध्येच दम लागतो... आणि दर वेळी हीच जिंकते."

आई हसता हसता रडायला लागली. कित्येक महिन्यांनी आम्ही बाबांचं अख्खं वाक्य ऐकत होतो. मंडळी, त्या स्टुलावर मला बसायचंय. बाबा गेले तेव्हापासून दुसरं काही मनात येतच नाही.

मौनीबाबा म्हणाली, "हेच सांग." मी नाही सांगितलं. बापाच्या धापेवर जागा मागायची, हे काही जिवाला पटेना. मग मी पुस्तकातलं घडाघडा म्हणून दाखवलं. तिला तोच प्रश्न आला. ती म्हणाली, "तिथे पेशंटचं वाक्य संपेपर्यंत थांबावं लागतं. मला थांबता येतं." संपलं. परतताना गाडीत मला म्हणते कशी, "तू काय पाठांतराच्या स्पर्धेला गेली होतीस?" आता सांगा, हिला मौनी कोण म्हणेल?

ती त्या जागेला लायक आहे. मेट्रनबाईंना विचारा, घशात नळी घातलेला पेशंट खुणा करायला लागला की त्या कोणाला हाक मारतात. सोमवारपासून राउंडला ती दिसणार नाही, याचं मला फार वाईट वाटणार आहे. आणि ती जिथे असेल तिथे मी नाही, याचं त्याहून जास्त. हे तिला ठाऊक आहे, म्हणून तर बोलायला तिने माझंच नाव सुचवलं.

तेव्हा अध्यक्षमहाराज, एक विनंती. पुढच्या वर्षासाठी मी पुन्हा अर्ज भरते आहे. शिफारसीसाठी उद्या तुमच्या केबिनमध्ये येईन. नाही म्हणायचं असेल तर आत्ताच म्हणा. इथे रडायला खांदे बरेच आहेत.

संयोजकांनी मला बोलू दिलं आणि तुम्ही ऐकून घेतलंत, त्याबद्दल मनापासून आभार. दुसऱ्याच्या सत्काराला येऊन मी आपलंच गाऱ्हाणं गायलं, ते सभेने पोटात घालावं. आता तिच्यासाठी टाळ्या वाजवा. जरा जोरात वाजवा, मला तिचा फार हेवा वाटतोय.